दोन वडगावं आणि इंग्रजीचा तास

अगं, इंग्रजी तुझ्याकडे, भूगोलही तुझ्याकडे, आणि वर्गात सगळ्यांना मिळून फोन एकच. दडपण येणारच गं. पण तू वडगाव निंबाळकरात शिकवतेस ना, मग निम्मं काम गावाच्या नावानेच केलंय बघ.

फोनवर नकाशा उघड आणि नुसतं ‘वडगाव’ शोध. पुणे जिल्ह्यातच कितीतरी निघतील. त्यातली दोनच घे, आपलं वडगाव निंबाळकर आणि मावळातलं वडगाव. इंग्रजीत शोधताना एकदा ‘व्ही’ने आणि एकदा ‘डब्ल्यू’ने लिही, दोन्ही चालतात. आणि चित्रं आदल्या रात्री घरूनच फोनमध्ये उतरवून ठेव. ऐन तासाला रेंज गेली की मुलांचं लक्षही जातं.

पहिल्या दिवशी फक्त पाहू दे. उपग्रहाचं चित्र मोठं केलं की आपल्याकडे चौकोनी शेतं दिसतात, नीरा डावा कालवा दिसतो, सोमेश्वरचा साखर कारखाना शोधायला तर मुलं भांडतील. मावळच्या वडगावाजवळ डोंगर दिसतात, इंद्रायणी दिसते, मुंबई-पुणे रेल्वेचा रूळ दिसतो. आता वाक्यं काढ. ‘दे हॅव अ रेल्वे स्टेशन. वुई हॅव अ कॅनॉल.’ एवढंच. लाजरी मुलगीसुद्धा हे बोलते, कारण ते तिला समोर दिसत असतं. तिला घरचा कालवा सांगायचाय, व्याकरण त्याच्या मागून येतं.

मग पावसाकडे वळ. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस, मावळचं वडगाव तिथून पूर्वेला थोडं खाली, म्हणून बराच कमी. आपल्या बारामतीकडे येईतो तो 500 मिलिमीटरच्या आसपास उरतो. ‘अवर वडगाव इज ड्रायर दॅन देअर वडगाव.’ तुलनेचं वाक्य पुस्तकातल्या उंच मुलगा-बुटका मुलगा यांच्यापेक्षा इथे कितीतरी जिवंत होतं बघ.

इथे एखादं हुशार पोरगं तुला अडवणारच. म्हणेल, ‘मॅडम, आपल्याकडे पाऊस कमी, मग चित्रात एवढं हिरवं कसं?’ घाबरू नकोस, हाच तासातला सगळ्यात मोलाचा क्षण. लगेच उत्तर देऊ नकोस. कालव्यावर बोट ठेवून उलटं मागे मागे न्यायला सांग. मुलं आपसूक वीर धरणापर्यंत, पुढे भोरकडे भाटघरपर्यंत पोचतील. सह्याद्रीच्या अंगावर पडलेला पाऊस तिथे साठतो आणि कालव्याने आपल्या उसाला येतो. मावळात भात पावसावर, आपल्याकडे ऊस कालव्यावर. आता ‘बिकॉज’ शिकवायला वेगळा धडा लागत नाही. ‘अवर फील्ड्स आर ग्रीन बिकॉज द कॅनॉल ब्रिंग्ज वॉटर.’ घरी कालव्याच्या पाळीवरून होणारी बोलणी ऐकलेल्या मुलांना हे कारण पक्कं कळतं. चुकीचं क्रियापद आलं तर येऊ दे, कारण बरोबर आहे ना ते बघ.

भूतकाळासाठी मावळचं वडगावच कामाला येतं. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेली इंग्रजांची फौज मराठ्यांनी तिथे कोंडली, महादजी शिंदे त्यात पुढे होते, आणि इंग्रजांना तिथेच तह करावा लागला. इंग्रजांच्या हारीची गोष्ट इंग्रजीत सांगताना मुलांचे आवाज कसे चढतात ते तूच ऐक. आपल्या गावाचा इतिहास मात्र तू सांगू नकोस. नावाला निंबाळकर का जोडलं, हे घरच्या आजी-आजोबांना विचारून यायला सांग आणि दोन वाक्यं इंग्रजीत लिहून आणायला सांग.

हे सगळं एका तासात बसवायला जाऊ नकोस हं. आठवडाभर पुरतं. पाठ्यपुस्तक मागे पडेल ही तुझी काळजी मला ठाऊक आहे, पण तुलना, कारण, भूतकाळ हे पुस्तकातलंच आहे ना? तेवढ्या पानांवर टिकमार्क करत जा. मोठ्या वर्गाला पुढे दोन हैदराबाद दे, एक तेलंगणातलं, एक पाकिस्तानात सिंधमधलं. पण आधी वडगावं. जिथे मुलांना स्वतःला माहिती असते, तिथेच ती तुला दुरुस्त करायला धजतात, आणि तेही इंग्रजीत.

शेवटच्या दिवशी नद्या दे. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. नीरा आपल्या बाजूने वाहत जाऊन इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेतच मिळते. दोन गटांना दोन नद्या बोटाने धरून खाली नरसिंहपूरपर्यंत न्यायला सांग आणि वाटेत येईल ते गाव इंग्रजीत मोठ्याने म्हणायला लाव. इंद्रायणीवाल्यांना तुळापूरनंतर भीमेवर उजनीचा मोठा जलाशय लागेल, म्हणून त्यांना जरा आधी सोड.