राजीनाम्याआधी एक विचारू?

वरठीची नोकरी सोडून बुटीबोरीला चाललीस, बरंच झालं बाई. पगारही वाढतोय. पण इथला शेवटचा दिवस आणि तिथला पहिला दिवस यांत महिनाभर जातो आहे ना? तेवढ्यात दवाखाना लागला तर पैसे कोण भरणार, हे पाहिलंस का?

आधी पे स्लिप काढ. पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के कापलेले दिसतील, मालक 3.25 टक्के भरतो. नोकरी सुटली की ईएसआयही सुटलं, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात आणि हक्काचं सोडून देतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये निदान 78 दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून औषधोपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला चालते. तुझे दोन्ही काळांत तेवढे दिवस भरले असतील, तर ऑगस्टअखेर निघालीस तरी येत्या जूनपर्यंत काळजी नाही. घरच्यांचीही नाही. फक्त ईएसआयचा विमा क्रमांक जपून ठेव आणि नव्या कंपनीत तोच दे.

पगार 21,000 हून जास्त असेल तर गोष्ट वेगळी. कंपनीची ग्रुप पॉलिसी सहसा शेवटच्या दिवशीच संपते, कार्डावर पुढची तारीख छापलेली असली तरी. मग लोक घाईने नवी पॉलिसी घेतात. तिचा या महिन्याला काय उपयोग? अपघात सोडला तर पहिले 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून घ्यायची तर राजीनाम्याच्या आधी घे. किंवा एचआरला सांग, याच विमा कंपनीत मला वैयक्तिक पॉलिसी हवी. भरलेला प्रतीक्षाकाळ धरून ती मागता येते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्मवर बीपी, शुगर लपवू नकोस. एजंट म्हणेल ‘राहू द्या हो ताई’, पण क्लेम अडला तर तो येत नाही.

आणि रेशनकार्ड! त्यावर मिळणारी महात्मा फुले जनआरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता पांढऱ्या कार्डालाही चालते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ठरावीक उपचारांना, भरती झाल्यावर आणि यादीतल्याच रुग्णालयात. साध्या तापाच्या गोळ्यांना नाही. आपल्याकडे काही बिनसलं की गाडी थेट नागपूरच्या रस्त्याला लागते, तेव्हा यादी कोण बघतं? म्हणून आत्ताच 155388 वर विचारून ठेव, भंडाऱ्यात कोणतं, नागपुरात कोणतं. तिथे गेल्यावर आधी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठायचं.

एक मात्र तपास: कार्डावर तुझं नाव आहे का? लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी होतं, सासरच्या कार्डात चढवायचं राहून जातं. कितीतरी जणींचं असंच लटकलेलं असतं. तहसीलच्या पुरवठा विभागात एक चक्कर मार, आणि नाव चढलेलं कार्ड हातात आल्यावरच राजीनाम्याची तारीख टाक.