इंजिनाच्या श्वासाची परीक्षा

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची रोल्स-रॉइस मोटार जतन करून ठेवली आहे. तिच्या इंजिनाला हवा पुरविणाऱ्या नळीची लांबी एकदा ठरली ती कायमची. आजच्या कित्येक मोटारींत मात्र ही लांबी इंजिन चालू असतानाच बदलते. या योजनेस 'व्हेरिएबल इनटेक मॅनिफोल्ड' म्हणतात. ती बिघडल्यास दोष कसा शोधावा, याचा येथे विचार करू.

बासरीची सर्व छिद्रे झाकली की आतील हवेचा स्तंभ लांबतो व स्वर खालचा निघतो; छिद्रे मोकळी केली की स्तंभ आखूड होऊन स्वर चढतो. इंजिनाच्या नळीतील हवाही अशीच आंदोलने करते. सिलिंडरची झडप मिटताच आत येणारी हवा थबकते. दाबाची लाट मागे जाऊन नळीच्या दुसऱ्या टोकावरून परतते. त्या वेळी झडप पुन्हा उघडी असेल, तर सिलिंडरमध्ये अधिक हवा भरते. मिनिटाला १५०० फेऱ्या होत असता झडप दर ८० सहस्रांश सेकंदांनी उघडते. ६००० फेऱ्यांना दर २० सहस्रांशांनी. म्हणून मंद गतीस लांब नळी व जलद गतीस आखूड नळी हितकर. हा पालट एक फ्लॅप घडवितो. बऱ्याच गाड्यांत निर्वाताने ओढला जाणारा रबरी पडदा दांडीच्या साहाय्याने तो हलवितो, आणि निर्वाताची वाट सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो.

आता लक्षणे पाहू. बंजारा हिल्सचा चढ चढताना गाडी जड वाटते, पण वेगात ठीक चालते, तर फ्लॅप आखूड मार्गावर अडकल्याचा संशय घ्यावा. उलट प्रकार असल्यास तो लांब मार्गावर अडकला असावा. संगणकाने 'पी ०६६०' हा संकेत दिला, तर दोष व्हॉल्व्हच्या विद्युत्-मंडलात आहे एवढेच कळते. तेवढ्यावर सबंध मॅनिफोल्ड बदलणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

तपासणी स्वस्त व सोप्या गोष्टीपासून करावी. प्रथम रबरी नळ्या पाहाव्यात. उष्णतेने त्यांना चिरा पडतात आणि फुसफुस ऐकू येते. मग इंजिन बंद ठेवून निर्वाताचा हातपंप पडद्यास जोडावा. निर्वात टिकत नसेल, तर पडदा फाटला आहे. निर्वात टिकूनही दांडी हलत नसेल, तर फ्लॅप काजळीने जखडला आहे. दोन्ही ठीक असल्यास व्हॉल्व्हची तार, जोड व वेटोळे तपासावे. काही इंजिनांत मोडक्या फ्लॅपचा तुकडा सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. म्हणून आतून खडखड येत असल्यास गाडी चालवू नये.

एक स्थानिक गोष्टही ध्यानी ठेवावी. इंजिन बंद असता मॅनिफोल्डमधील दाबमापक बाहेरील हवेचाच दाब दाखवितो. तो मुंबईस सुमारे १०१ किलोपास्कल असतो. परंतु हैदराबाद सुमारे ५४० मीटर उंचीवर असल्याने येथे ९५ च्या आसपास भरतो. मुंबईचा आकडा प्रमाण मानणारा कारागीर निर्दोष मापकालाच दोषी ठरवील.

विद्यार्थीमित्रहो, ज्या कुटुंबाचे पोट टॅक्सीवर चालते, त्याला एक चिरलेली नळी आणि एक नवे मॅनिफोल्ड यांतील अंतर महिन्याच्या किराण्याएवढे भासते. अनुमान करावे, पण ते पडताळल्यावाचून पाना हाती धरू नये, हेच खरे शास्त्र होय.