चर्मशिवणीतील टाक्यांची आखणी

कापडावर चुकलेला टाका उसवून पुन्हा घालता येतो. चामड्यावर आरीने पाडलेले छिद्र मात्र बुजत नाही. म्हणून चर्मकामात टाक्यांची आखणी शिवणीपूर्वीच पुरी झाली पाहिजे. महागाचे चामडे अंदाजाने टोचले गेल्यास कित्येकदा सबंध तुकडाच वाया जातो, आणि तो तोटा कारागिराच्याच मजुरीतून भरून निघतो.

बहुधा एका टोकापासून ठराविक अंतराने छिद्रे पाडीत जाण्याची पद्धत आढळते. समजा, शिवणीची रेषा १३७ मि.मी. लांब आहे व टाका ५ मि.मी.चा धरला आहे. २७ टाक्यांनंतर २ मि.मी. उरतात. हा अखेरचा तोकडा टाका गिऱ्हाइकाच्या नजरेत प्रथम भरतो. शिवाय फार जवळ आलेल्या दोन छिद्रांमधील चामडे ओढ बसताच फाटण्याचा संभव असतो. याकरिता आधी टाक्यांची संख्या ठरवावी व अंतर तिच्यावरून काढावे. १३७ ला २७ ने भागिले असता टाका सुमारे ५.०७ मि.मी.चा होतो. हा फरक डोळ्यांस जाणवत नाही. छिद्रे मात्र टाक्यांहून एक अधिक, म्हणजे २८ येतात. शाळेतील भागाकाराला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

एवढे सूक्ष्म अंतर पट्टीवर मोजण्याच्या भरीस पडू नये. मुलांच्या कंपासपेटीतील कर्कटक पुरेसे आहे. कडेशी समांतर रेषा ओढून त्याची टोके तिच्यावर हलकेच, खूण उमटणार नाही अशा बेताने चालवावी. शेवटी जागा उरली तर टोके किंचित उघडावी. रेषेबाहेर गेली तर किंचित मिटावी. दोन-तीन खेपांत माप जुळते. मग दाबून खुणा कराव्या.

पिशवीसारख्या वस्तूस कोपरे असतात. कोपऱ्यावर छिद्र आलेच पाहिजे, यास्तव प्रत्येक बाजूचा हिशेब निराळा करावा. बाजू १४०, १८३ व १४० मि.मी. असल्यास टाके अनुक्रमे २८, ३७ व २८ धरावे. मधल्या बाजूचा टाका ४.९५ मि.मी.चा होईल. एकूण टाके ९३ व छिद्रे ९४. कोपऱ्यावरील छिद्र दोन्ही बाजूंना सामाईक असल्याने ते दोनदा मोजू नये.

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हेही आहेत. अथणी, निपाणीकडील कारागिरांना ही आखणी म्हणूनच विशेष उपयोगी आहे. चपलेचा तळ चामड्याच्या वादीने शिवतात, तेव्हा टाका दोऱ्याच्या टाक्याहून लांब ठेवावा लागतो. तळाची कड वळणाची असल्याने तिची लांबी दोरा लावून मोजावी. येथे खरा कस जोडीचा लागतो. एका पायास एक टाका अधिक असला तरी दोन्ही चपला शेजारी ठेवताच ते उघड होते. जाड पुठ्ठ्याचा एकच नमुना कापून त्यावर छिद्रे पाडावी. डाव्या पायासाठी तो सरळ, उजव्यासाठी उलटा ठेवून खुणा उतरवाव्या.

खुणा झाल्यावर आरीचे पाते प्रत्येक छिद्रात एकाच कलाने धरावे. अंतर समान असूनही पाते फिरत गेले, तर टाके वेडेवाकडेच बसतात. नवख्याने प्रथम रद्दी चामड्याच्या तुकड्यावर दहा-बारा छिद्रे पाडून हात बसवावा.