वाटेवरचे पाणी
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान व गणित)

वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढणाऱ्या मुलास माथ्याजवळ कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. सातवाहनकाळापासून कोकणातून जुन्नरास जाणारे तांडे या वाटेने जात. बैलाच्या पाठीवर माल लादावा की पाणी, हा पेच त्या टाक्यांनी सोडविला. मंगळावर माणूस पाठविण्याचा पेचही मुळात हाच आहे. मुरबाड-शहापूरच्या शिक्षकाने पाठ येथूनच सुरू करावा. नुसत्या चित्रांनी मुले हरखतात, पण खर्चाचे कारण त्यांना उलगडत नाही.

प्रथम फळ्यावर हिशेब मांडावा. जाणे, ग्रहस्थिती अनुकूल होईपर्यंत थांबणे व परतणे मिळून सुमारे ९०० दिवस. प्रवासी चार, पिण्यास व अन्नास माणशी रोज ३ लिटर पाणी धरल्यास वजन १०,८०० किलो होते. २०१३ साली निघून २०१४ साली मंगळाच्या कक्षेत पोचलेले भारताचे मंगळयान इंधनासह अवघे १,३३७ किलोंचे होते. सुमारे ४५० कोटी रुपयांत ते काम झाले, यास हा हलकेपणाही कारण होय. मात्र त्यात माणूस नव्हता आणि यानास परत यावयाचे नव्हते. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढलेल्या मुलीस वजनाचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही.

मग उपायांकडे वळावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र, घाम व श्वासातील ओलावा शुद्ध करून ९८ टक्के पाणी परत मिळविता येते, हे २०२३ साली दिसून आले. (येथे वर्गात हशा पिकेल, पिकू द्यावा.) त्या मानाने वरील हिशेबातील तूट किती राहील, हे मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर २१६ किलो. यंत्राचे वजन अर्थात निराळे. दुसरा उपाय टाक्यांसारखा, वाटेवरचाच. 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवरील 'मॉक्सी' उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. एका माणसास दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे ही साडेतीन तासांची बेगमी झाली. अल्प खरी, परंतु घरून नेलेली नव्हे.

शहापूरकडील एखादे मूल विचारील, 'गुरुजी, भातसा-तानसाचे पाणी मुंबईस जाते, आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. मग मंगळाला पैसा कशास?' हा प्रश्न रास्त आहे. शिक्षकाने तो टाळू नये, कौतुकाने दडपूही नये. चंद्रावरील मानवी मोहिमा १९७२ साली थांबल्या, त्यामागेही खर्चाचा प्रश्न होताच. पाड्यावर टँकरचे पाणी माणशी रोज किती लिटर पडते, हे मुलांनी मोजून आणावे आणि फळ्यावर प्रवाशाच्या ३ लिटरांशेजारी लिहावे.