नाकातून गाठीचे ऑपरेशन : घरच्यांसाठी कृती

दौंड-शिरूरच्या रस्त्यावर समोरचा ट्रक दिसतो, पण बाजूने आलेली उसाची ट्रॉली दिसत नाही. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नसेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीवर गाठ वाढलेली असू शकते. १ सेंटिमीटरहून मोठी गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसा दाबते. हा दाब जितके दिवस राहील, तितकी नजर परत येण्याची आशा कमी होते.

१. घरी पाहा. समोरासमोर बसा. रुग्णाने एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे पाहावे. तुम्ही त्याच्या कानाच्या बाजूने बोट हलवत पुढे आणा. बोट उशिरा दिसले, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

२. एमआरआय करा. रक्तात प्रोलॅक्टिन, सकाळचे कॉर्टिसोल आणि थायरॉइड तपासा. प्रोलॅक्टिन फार वाढलेले असेल, तर बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच गाठ आटते. म्हणून हा रिपोर्ट पाहूनच ऑपरेशनचे ठरवा.

३. ऑपरेशन ठरले, तर रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. दौंडकरांनी रेल्वेने पुणे स्टेशनला उतरावे, तिथून ससून रुग्णालय जवळच आहे. शिरूरकरांना नगर रस्त्याची एसटी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

४. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते. नाकपुडीतून दुर्बीण घालून मागची हवेची पोकळी उघडतात, पातळ हाड काढतात आणि गाठ खरवडून काढतात. आधी खालचा भाग, मग बाजूचा, शेवटी वरचा. नाहीतर गाठीवरचा पडदा लवकर खाली येऊन वाट अडवतो. शेवटी गरजेप्रमाणे मांडीची चरबी किंवा नाकातले अस्तर लावून भोक बुजवतात. चेहऱ्यावर टाका पडत नाही. मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेला तुकडा कधी मुद्दाम मागे ठेवावा लागतो.

५. घरी आल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरू नका, वाकू नका, कुंथू नका, पाण्याची बादली उचलू नका. शिंक आली तर तोंड उघडे ठेवा. प्यायलेले पाणी आणि लघवी मोजून वहीत लिहा. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

६. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे थेंब, ताप, गुंगी, सतत उलट्या, भरमसाट लघवी, अचानक अंधूक नजर : यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

७. साधारण ३ महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो. त्याआधी घरी समोरासमोर बसून बोटाची तपासणी पुन्हा करा. या वेळी बोट लवकर दिसले, तर तेही वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.