तंत्रज्ञान महोत्सव आणि कोयता

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९९८ पासून ‘टेकफेस्ट’ हा महोत्सव भरतो. त्याचे संयोजन विद्यार्थीच करतात. यंत्रमानवांच्या स्पर्धांना तेथे गर्दी लोटते, हे स्वाभाविकच. परंतु यंत्र कोणासाठी, हा प्रश्न बीड जिल्ह्यात अधिक तीव्र होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ गणला जातो, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. माणसाचे माप अवजारानेच ठरते. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमांतून फिटते. ऊसतोडणी यंत्र आले, तर डोक्यावरची मोळी उतरेल. मग उचल फेडायची कशाने? आपल्या तालुक्यात असा महोत्सव भरल्यास हा प्रश्न आपण कोणासमोर मांडाल, ते सकारण लिहा.