झबलं वर करा, श्वास मोजा

आई-बाबांनो, पावसाळा लागला, तान्ह्याचं नाक वाहू लागलं की घरात आधी शोधाशोध होते ती थर्मामीटरची. ताप किती होता, हे मला दवाखान्याच्या दारातूनच सांगितलं जातं. मी विचारतो, श्वास मोजलात का? त्यावर बहुतेक जण एकमेकांकडे बघतात.

सर्दीचे बहुतेक विषाणू आठवडाभरात आपणहून जातात. खोकला मागे रेंगाळतो. यातला आरएसव्ही नावाचा विषाणू दोन वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला गाठतोच. बालवाडीतल्या दादाचं नुसतं नाक गळतं, पण त्याच विषाणूने तीन महिन्यांच्या बहिणीच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट स्रावाने भरतात. हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं म्हणून निर्धास्त राहू नका.

घरी श्वास मोजत राहा. मोजणं सोपं आहे. बाळ शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, झबलं वर करा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांना गाठा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांनाही मणी सरकवत श्वास मोजायला शिकवलं होतं. आपल्या हातात तर घड्याळवाला मोबाइल आहे!

घरी काय करायचं? चोंदलेलं नाक बाळाला दूध ओढू देत नाही. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या सलाइनचे, थेंब नाकात टाका. थोडं थोडं, पण वारंवार पाजा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारूनच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली बाटली फेकून द्या. खोकल्याचं सिरप मनाने देऊ नका. २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावली, ते आठवा. वर्षाच्या आत मध नको. आणि आजी, तुमची माया कळते, पण धुरी नको, नाकात तेल नको, कापूर तर मुळीच नको.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल, दूध निम्म्यावर आलं असेल, लंगोट तास न् तास कोरडे राहत असतील, ओठ निळसर दिसत असतील, बाळ मलूल असेल किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला, तरीही त्याच वेळी निघा. रिक्षा मिळेल ती पकडा आणि दवाखाना गाठा.